अंगावर किती आहे?

दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, दहा उंच. वालुकाश्माचा एवढा ठोकळा हातात घेतला तर वजन भरतं साधारण दोन किलो चारशे ग्रॅम. इंग्लंडात, बेल्जियममध्ये बागेच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंतची वाट अशा ठोकळ्यांनी घालतात. धंद्यातलं त्याचं नाव कॉबल. राजस्थानच्या बूंदी जिल्ह्यात बुधपुरा नावाचं गाव आहे. तिथून हे कॉबल जहाजाने युरोपला जातात.

समजा, वाट तीस चौरस मीटरची आहे. मधले सांधे सोडले तर अडीच हजारांच्या आसपास कॉबल लागतात. म्हणजे सहा टन दगड. प्रत्येक कॉबलला सहा बाजू. एकेक बाजू सपाट करायला छिन्नीवर फक्त दहा टोले धरले तरी एका कॉबलमागे साठ टोले होतात आणि एका घरापुढच्या एका वाटेला दीड लाख. हे टोले यंत्र घालत नाही. खाणीतून चांगल्या लाद्या निघून गेल्या की मागे वाया दगडाचे ढिगारे उरतात. त्या ढिगाऱ्यांच्या पायथ्याशी बसून माणसं कॉबल घडवतात. त्यांत बायका पुष्कळ आहेत, आणि तिथे वर्षानुवर्षं मुलंही बसत आली आहेत. मजुरी नगावर मिळते. जितके कॉबल, तितके पैसे. त्यामुळे आठ वर्षांच्या पोराचे हातही घरच्या हिशेबात धरले जातात.

आता एक अगदी बारीक आकडा. वालुकाश्मात सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त सिलिका असते. दगडावर टोला पडला की त्यातली सर्वांत बारीक धूळ डोळ्यांना दिसतही नाही, ती थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी अशा धुळीची मर्यादा ठरलेली आहे: आठ तासांच्या सरासरीने एक घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅम. कष्टाचं काम करणारा माणूस पाळीभरात साधारण दहा घनमीटर हवा ओढतो. म्हणजे दिवसभरात एक मिलिग्रॅम. साखरेच्या एखाद-दुसऱ्या दाण्याएवढं वजन, आणि तिथेच मर्यादा संपते. उघड्या ढिगाऱ्यावर, तोंडाला ओढणीचा पदर बांधून बसलेल्या बाईच्या छातीत किती दाणे जात असतील, ते मोजणारं यंत्र तिथे नसतं. या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या आजारासाठी राजस्थान सरकारने २०१९ साली धोरण आणलं. आजार प्रमाणित झाला की तीन लाख रुपये आणि मृत्यू झाला की कुटुंबाला आणखी दोन लाख. ज्या आजारासाठी सरकारला असे दर ठरवून द्यावे लागले, त्याचे रोगी किती असतील याचा अंदाज त्यावरूनच येतो.

बागेच्या धंद्यात गुलामगिरी कुठून आली, असं कुणी विचारलं तर मी या कॉबलपासून सुरुवात करते.

आता जगाचे आकडे पाहू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, वॉक फ्री ही संस्था आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना यांनी मिळून २०२२ साली अंदाज प्रसिद्ध केला. २०२१ मध्ये जगात ४ कोटी ९६ लाख माणसं आधुनिक गुलामगिरीत होती. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत आणि २ कोटी २० लाख जबरदस्तीच्या लग्नात. जगातल्या दर दीडशे माणसांमागे जवळपास एक. सक्तीच्या मजुरीतल्यांपैकी ३३ लाख मुलं. त्याच्या पाच वर्षं आधीचा अंदाज ४ कोटी ३ लाखांचा होता. दोन्ही अंदाजच आहेत, घरोघर फिरून केलेली शिरगणती नव्हे. तरी फरक दिवसांवर वाटला तर रोज पाच हजार माणसांची भर पडते.

कोटी हा शब्द आपण इतक्यांदा ऐकतो की तो कानावरून निघून जातो. म्हणून मी एक हिशेब करून पाहिला. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून सक्तीच्या मजुरीतली ही माणसं एकामागून एक आत सोडायची, सेकंदाला एक. रात्र नाही, जेवणाची सुट्टी नाही. एक जानेवारीला मध्यरात्री पहिला माणूस उंबरा ओलांडेल आणि शेवटचा आत येईल तेव्हा नोव्हेंबर अर्धा सरलेला असेल. तीनशे एकोणीस दिवस. प्रत्येकाचं तोंड पाहायला एकच सेकंद. एवढ्यात नाव विचारूनही होत नाही.

आणि पैसा? त्याच श्रम संघटनेने २०२४ साली काढलेला आकडा आहे, सक्तीच्या मजुरीतून वर्षाला २३६ अब्ज डॉलर बेकायदा नफा. रुपयांत जवळपास वीस लाख कोटी. महाराष्ट्राचं २०२४-२५ चं अख्खं अंदाजपत्रक सव्वासहा लाख कोटींच्या आतबाहेर होतं, त्याच्या तिप्पट. यातला तीन चतुर्थांश हिस्सा लैंगिक शोषणाच्या बाजाराचा आहे, हे सांगितलंच पाहिजे. शेतीचा वाटा पाच अब्ज डॉलर, म्हणजे चाळीस हजार कोटींच्या वर. या एवढ्या मोठ्या आकड्यांना आपण हात लावू शकत नाही. पण प्रत्येक आकड्याच्या तळाशी एक छोटा आकडा असतो, चार-पाच अंकी, कुणाच्या तरी वहीत लिहिलेला. मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

कामाआधी मजुराला दिलेल्या या आगाऊ रकमेला आपल्याकडे उचल म्हणतात. राजस्थानच्या खाणींत पेशगी म्हणतात. बीडकडच्या एका मुकादमाची वही मी पाहिली आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपरे तेलकट झालेली. पानाच्या डोक्यावर माणसाचं नाव आणि गाव. खाली उचलीची रक्कम आणि तारीख. मग किराणा, दवाखाना, लग्नासाठी घेतलेले जादा, खाडे. सर्वांत शेवटी बाकी. ऊसतोडीत हिशेब माणसांचा नसतो, कोयत्यांचा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा कोयता. त्या वहीतल्या एकाही पानाच्या डोक्यावर मला बाईचं नाव दिसलं नाही. ती अर्धी आहे, आणि तो अर्धा भागही नवऱ्याच्या नावाखाली लिहिलेला. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही की म्हणतात, ‘अंगावर राहिली’. कर्ज डोक्यावर असतं, उचल मात्र अंगावर असते. ती अंगमेहनतीनेच फेडायची, पैशाने नव्हे, आणि फिटेपर्यंत दुसऱ्याच्या टोळीत जायचं नाही.

ही उचल कशी वाढते ते एकदा कागदावर मांडून पाहावं. समजा पन्नास हजारांची उचल आहे, व्याज दरमहा शेकडा तीन. गावाकडे हा दर कुणाला जगावेगळा वाटणार नाही. माणूस इमानाने दर महिन्याला हजार रुपये कापू देतो. पाच वर्षांनी त्याने साठ हजार भरलेले असतात, घेतले त्यापेक्षा जास्त. अंगावर किती? एक लाख एकतीस हजार. दहा वर्षांनी भरले एक लाख वीस हजार आणि अंगावर सहा लाख बारा हजार. ना साखळी, ना कुलूप, ना चाबूक. फक्त गुणाकार. काही ठिकाणी व्याज लावतच नाहीत, पण तिथे मजुरीचा दरच खाली धरतात. फळ तेच.

कायद्याने हे सगळं कधीच संपायला हवं होतं. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. त्याने अशी सगळी कर्जं एका फटक्यात रद्द ठरवली. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बेगार आधीच निषिद्ध केली होती. १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करावं लागणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, कारण भूकही सक्ती करते. पुढच्याच वर्षी फरिदाबादच्या दगडखाणींबद्दल बंधुआ मुक्ती मोर्चाचा निकाल आला. दगड आणि वेठ यांचं नातं त्या निकालात पानोपानी दिसतं.

आणि प्रत्यक्षात? १९७८ पासून चार दशकांहून अधिक काळात देशात सरकारी नोंदीने मुक्त झालेले वेठबिगार सुमारे ३ लाख १५ हजार. २०१६ साली केंद्र सरकारने उद्दिष्ट ठेवलं २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख लोकांची सुटका आणि पुनर्वसन. आधीच्या गतीने, वर्षाला सात हजारांच्या हिशेबाने, एवढ्या लोकांना सोडवायला अडीच हजार वर्षं लागतील. अडीच हजार वर्षं मागे गेलं तर आपण बुद्धाच्या काळात पोचतो. हा भागाकार मी तीन वेळा केला, कारण उत्तर खरं वाटेना.

आता पुन्हा बागेकडे. ब्रिटनने २०१५ साली मॉडर्न स्लेव्हरी ॲक्ट केला. त्याचं ५४ वं कलम सांगतं की वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड, म्हणजे चारशे कोटी रुपयांच्या आसपास किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीने दरवर्षी निवेदन काढावं: आपल्या कामात आणि माल पुरवणाऱ्यांच्या साखळीत गुलामगिरी नसावी म्हणून आपण काय केलं. संचालक मंडळाने मंजूर करायचं, संचालकाने सही करायची. बागेचं सामान विकणारी मोठी कंपनी यात येतेच. पण त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. काहीच केलं नसेल तर ‘काही केलं नाही’ असं निवेदन काढलं तरी कायद्याची पूर्तता होते. मला ही तरतूद फार खुपते. ज्याने कायदा लिहिला त्याला प्रश्न कळला होता, आणि तरी त्याने दार उघडं ठेवलं.

प्रामाणिक कंपनीचीही अडचण खरी आहे. बागेच्या दुकानात काय नसतं? लाद्या, कॉबल, सागवानी बाकं, कुंड्या, बांबूच्या काठ्या, कोकोपीट, हातमोजे, बियाणं, कंद, रोपं. समजा थेट माल देणारे पाचशे जण आहेत. त्या प्रत्येकाला माल देणारे वीस, आणि त्यांतल्या प्रत्येकामागे आणखी वीस. तिसऱ्या पायरीवर दोन लाख ठिकाणं झाली. एका तपासनिसाने रोज एक ठिकाण पाहिलं, वर्षाला अडीचशे दिवस काम केलं, तर आठशे वर्षं लागतील. आणि बुधपुऱ्याची ती बाई तिसऱ्या पायरीवरही नाही, त्याच्याही खाली आहे. निर्यातदाराचं गोदाम स्वच्छ असतं, तिथे हजेरीपट असतो, आग विझवायचे सिलिंडर भिंतीला लावलेले असतात. ढिगारा तिथून दूर असतो.

(आपली घरंही यातून सुटत नाहीत. महाराष्ट्रात घरोघर जी कोटा फरशी आहे, ती वालुकाश्म नव्हे, चुनखडीचा दगड आहे, पण येते बूंदी ज्यात आहे त्याच हाडौतीच्या पट्ट्यातून. आपण कधी कुणाला विचारलं नाही.)

बियाण्याची गोष्ट तर आपल्या अंगणातलीच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली, तेव्हापासून तो सगळा भाग बियाण्याचा म्हणून ओळखला जातो. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे, शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरची, काकडीचं संकरित बियाणं तयार होतं. दुपार कलताना शेडनेटमध्ये जाऊन पाहावं. बायका ओळीने उभ्या असतात, हातात टोकदार चिमटा. उद्या उमलणारी कळी आज ओळखायची, तिच्या पाकळ्या उघडून आतले पुंकेसर अलगद काढायचे, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे पराग आणून त्या एवढ्याशा टोकावर टेकवायचे आणि खूण म्हणून फुलाखालची हिरवी पानं खुडायची. एक किलो टोमॅटो बियाण्यात तीन लाखांच्या आसपास बिया असतात. एका फळात शंभर बिया धरल्या तर किलोमागे तीन हजार फुलं, आणि प्रत्येक फुलाला दोनदा बोटं लागलेली. सहा हजार वेळा श्वास रोखून केलेलं काम. परदेशातल्या बागेच्या दुकानात संकरित टोमॅटोच्या पुडीत जेमतेम आठ-दहा बिया मिळतात. एका फुलाचा दहावा हिस्सा.

देऊळगावच्या शेतकऱ्याला गुलाम म्हणणं हा त्याच्यावर अन्याय होईल. तो आपल्या हिमतीवर हे जोखमीचं पीक घेतो, यातून कित्येकांची घरं उभी राहिली आहेत. पण त्याचे पैसे बियाण्याची उगवण आणि शुद्धता तपासून झाल्यावर, महिन्यांनी येतात. लॉट नापास झाला तर येतच नाहीत. चिमटा धरणाऱ्या बाईची रोजंदारी त्याच्या हातात, त्याचा भाव कंपनीच्या हातात. भाव ठरतो तेव्हा चिमट्याची मजुरी कुणी मोजतं का? बारीक बोटांच्या मुली शाळा सोडून या कामावर येतात, ही तक्रार संकरित बियाण्याच्या धंद्यात दक्षिणेपासून गुजरातपर्यंत दोन दशकं होत आली आहे, आणि ती खोटी ठरलेली नाही. मुलीची बोटं बारीक असतात म्हणून तिला बोलावत नाहीत. ती स्वस्त असते म्हणून बोलावतात.

गोरे देश यातून मोकळे आहेत असंही नाही. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री इंग्लंडच्या मोरकंब खाडीत शिंपले वेचणारे चिनी मजूर भरतीच्या पाण्यात सापडले. किमान २१ जण बुडाले. त्यांना तिथे नेणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत शब्द आहे गँगमास्टर. म्हणजे आपला मुकादमच. त्याच वर्षी ब्रिटनने मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला, शेती आणि बागायतीच्या कामांसाठीही. आपल्याकडे मुकादम आजही बहुतेक ओळखीवरच चालतो.

आता ब्रिटनमधल्या मळ्यांत, रोपवाटिकांत आणि फुलशेतीत हंगामी व्हिसावर माणसं जातात. २०१९ साली हे व्हिसे २,५०० होते, २०२३ मध्ये बागायतीसाठी ४५,०००. चार वर्षांत अठरापट. मध्य आशियातून, नेपाळमधून, इंडोनेशियातून लोक गेले. मुदत जास्तीत जास्त सहा महिने. निघताना दलालाला पैसे भरायला कर्ज काढलं असेल तर पहिले काही महिने त्यातच जातात. मळेवाल्याने चांगलं वागवलं, पगार वेळेवर दिला, कागदपत्रं चोख ठेवली, तरी त्या माणसाच्या अंगावर उचल असतेच. फक्त ती हजारो मैल दूरच्या गावातल्या वहीत असते. तपासनीस मळ्यावरचे कागद पाहून समाधानाने परत जातो.

या बाबतीत एक उदाहरण मला आशेचं वाटतं. हातमोजे बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचा, मलेशियाच्या टॉप ग्लोव्हचा, माल अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने २०२० च्या जुलैमध्ये सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून अडवला. कंपनीत परदेशी कामगार हजारोंनी होते आणि नोकरी मिळवण्यासाठी दलालांना पैसे मोजून आलेले होते. माल बंदरात अडकल्यावर कंपनीने ते पैसे कामगारांना परत केले. दहा हजारांहून जास्त कामगार, तेरा कोटी रिंगिटहून जास्त रक्कम. सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. जे निवेदनांनी झालं नव्हतं ते सव्वा वर्षात झालं, कारण या वेळी कुणीतरी नेमका तोच आकडा विचारला, इथे यायला तुम्ही किती भरलेत? युरोपीय संघाचा सक्तीच्या मजुरीचा माल रोखणारा नियम डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहे. तो याच वाटेने जाईल अशी आशा आहे.

बुधपुऱ्यातही गेल्या दशकात एक वेगळा प्रयत्न झाला. आधी काय होत होतं? खरेदीदाराने एका ठेकेदाराच्या आवारात मुलं नकोत म्हटलं की मुलं शेजारच्या आवारात जात. दगड पुन्हा एकाच ट्रकमध्ये येई. मग बूंदीची मंजरी ही संस्था आणि एक बेल्जियन आयातदार यांनी आवारं तपासणं सोडून गावच हातात घेतलं. कुणासाठी घडवतो, कुणाला विकतो हे न विचारता गावातलं प्रत्येक मूल शाळेत. घराघरांत जाऊन, शिक्षकांना घेऊन, ठेकेदारांना बसवून. हे काम कंटाळवाणं, वर्षानुवर्षांचं आणि खर्चाचं आहे. वार्षिक निवेदनात त्याचा फोटोही फारसा चांगला येत नाही. पण दगड घडवणाऱ्याच्या दारापर्यंत पोचणारी दुसरी वाट मला तरी दिसत नाही.

एखाद्या बागेच्या कंपनीत माल खरेदी करणारा मराठी माणूस आज असेलच, लंडनला किंवा पुण्याच्या कार्यालयात. त्याने ढिगाऱ्यापर्यंत जावं. प्रमाणपत्र मागून घ्यावंच, पण मग ठेकेदाराला थोडं बाजूला जायला सांगून, बाईच्या शेजारी खाली बसून तिच्या भाषेत विचारावं, तुमच्या अंगावर किती आहे? बहुतेकदा ती म्हणेल, मला काय ठाऊक, हिशेब त्यांच्याकडे आहे. निवेदनातल्या सगळ्या पानांपेक्षा हे उत्तर जास्त सांगतं. मग वही मागावी. पानाच्या डोक्यावर तिचं स्वतःचं नाव आहे का ते पाहावं, नवऱ्याचं नव्हे. किती कॉबल, काय दर, किती घेतले, किती फिटले, किती राहिले. आणि तशीच दुसरी वही तिच्या घरात, तिच्या पेटीत असायला हवी.